काळ्या मातीतलं कुंपण

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. माझा अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाचा, निकाल लागायचा होता. पुढे इंदूरला शिकायला पाठवणार की साताऱ्याकडचं एखादं स्थळ बघणार, हे कुणी बोलत नव्हतं, म्हणून मी उगाचच दारापर्यंत जाऊन परत यायची. बाबांची पाळी आठवड्याला बदलायची, त्यामुळे त्यांची झोप कधीच धड होत नसे. दुपारी कॉटवर पडलेले असले तरी कारखान्याचा भोंगा झाला की दचकून उठून बसायचे आणि आपली पाळी नाही हे आठवलं की पुन्हा आडवे व्हायचे. आई सकाळी भाकऱ्या थापायला बसली की तिच्या थापण्याच्या आवाजावरून तिचं डोकं कसं आहे ते आम्हाला कळायचं, आणि त्या दिवसांत तो आवाज फार जोरात येत होता. अशा घरात एका सकाळी माझी कुसुम आत्या एक पिशवी घेऊन ग्वाल्हेरहून आली. चार दिवस राहायला आले, म्हणाली. चार दिवस झाले, आठवडा झाला, महिना होत आला, आणि तिने जायचं नाव काढलं नाही.

आमचं क्वार्टर भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या अगदी कडेला, शेवटच्या ओळीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुणं वाळत घालायची फरशी आणि फरशीपुढे उघडी जमीन. आज त्या बाजूला अयोध्या नगर वाढत वाढत आलंय. मध्ये एकदा लेक मला गाडीतून तिकडे घेऊन गेली, तर मला आमची ओळ कुठे होती तेच सांगता येईना. तेव्हा तिथे बाभळी होत्या, एक नाला होता, आणि त्या नाल्यातून वर येणारी डुकरं आणि मोकाट गाई होत्या. बाबा ह्या जमिनीकडे कधी बघतसुद्धा नसत. आपण इथे नोकरीपुरते, ही जागा काही आपली नाही, असं त्यांचं म्हणणं. आईचंही तेच. भोपाळला येऊन माझं सगळं शाळेतलं वय गेलं, तरी आमच्या घरात प्रत्येक गोष्ट तात्पुरती होती. पडद्यांना शिवण नव्हती, नुसत्या कापडाला दोरी ओवलेली. माळ्यावर परत जायच्या तयारीत बांधलेली एक ट्रंक होती.

आत्याला मात्र ती जमीन आल्या दिवसापासून दिसली. तिला बसणं जमतच नसे. सकाळी उठली की अंगण झाडायची, मग परत झाडायची, भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची, आणि हे सगळं करताना सारखी बोलायची. भाजीवाल्याशी बोलायची, शेजारच्या श्रीवास्तव चाचींशी हिंदीत बोलायची, कुणी नसलं तर कढईशी बोलायची. तिचं मराठी ग्वाल्हेरचं, आमच्या आईला हसू येईल असं. ‘वहिनी, मी काय म्हणून राहिले, ह्या कैरीची आज लौंजी करू ना?’ असं ती विचारायची आणि आई म्हणायची, ‘आमच्याकडे ह्याला मेथांबा म्हणतात, वन्सं.’ त्यातही थोडी धार असायचीच. दोन खोल्यांत चौथं माणूस वाढलं होतं, चाची रोज विचारत होत्या की नणंद कधीपर्यंत आहे, आणि आई रोज ‘बघू’ म्हणत होती.

आत्या का आली ते मला गहू निवडताना कळलं. त्या दोघी सूप घेऊन बसल्या होत्या आणि मी पलीकडे पुस्तक डोळ्यांसमोर धरून पडले होते. तिच्या सासरी तिच्याशी कुणी बोलत नसे. मारहाण नव्हती, खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. मूल झालं नाही, आणि मग कधीतरी नवऱ्याने बोलणं बंद केलं. त्याचं बघून मोठ्या दिरांनी, मग जावेने, मग सगळ्याच घराने. काही सांगायचंच झालं तर मोलकरणीला सांगायचे. ‘तिला सांग, आमटी खारट झालीय.’ आणि ती तिथेच, आमटीचं भांडं हातात घेऊन वाढत उभी. ‘आधी वाटलं, राग आहे, जाईल,’ आत्या म्हणाली. ‘मग एक दिवस बाथरूममध्ये मी मोठ्याने माझंच नाव घेतलं, वहिनी. आवाज निघतो की नाही ते बघायला.’ सुपातले गहू आईने जरा जास्तच वेळ पाखडले.

तर आत्याने मागच्या जमिनीत वांगी लावली, भेंडी लावली, दोडक्याचे वेल लावले. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, जे मिळेल ते बादलीने नेऊन घालायची. रोपं वीतभर झाली आणि डुकरांनी एका सकाळी सगळं नांगरून ठेवलं. तिने पुन्हा लावलं आणि बाबांना म्हणाली, ‘दादा, कुंपण घालून दे ना.’

‘करू काहीतरी तात्पुरतं,’ बाबा म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर तात्पुरतंच केलं. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून यायचे त्यांच्या फळ्या भंगारात विकत मिळत, त्या त्यांनी आणल्या. नाल्याकडून कुणीतरी तोडलेले ओले, सालीसकट वासे मिळवले. भर मे महिना होता. भोपाळची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि तिला अशा भेगा पडतात की माझी चप्पल एकदा एका भेगेत गेली ती मी काठीने काढली होती. अशा जमिनीत पहारीने खणायचं म्हणजे ठिणग्या उडायच्या. बाबांनी हातभरही न जाणारे खड्डे घेतले, वासे उभे केले, निघालेली ढेकळंच पुन्हा आत लोटली, वरून पायाने दाबली, तार गुंडाळली आणि आंघोळीला गेले. एका रविवारी सगळं आटोपलं. दिसायला कुंपण झालं होतं. मला आता वाटतं, बहिणीला चार दिवस जीव रमवायला काहीतरी करून द्यावं, तोवर ग्वाल्हेरचा राग निवळेल, असं त्यांच्या मनात असणार. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. पण ते जे बांधून झालं होतं ते बघून आत्याला ते कळलं असावं, कारण ती त्यांना परक्यासारखं थँक्यू म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

पाऊस लागला आणि ती काळी माती फुगली. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून पटणार नाही. जमीन आळस दिल्यासारखी हलते. वासे आधी जरा कलले, मग एकमेकांवर रेलले, आणि ज्यांच्या सालीखाली वाळवी शिरली होती ते बुडाशी मऊ होऊन नुसत्या तारेला लोंबकळायला लागले. एका सकाळी एक तांबडी गाय सरळ त्या तारेवर पाय देऊन आत आली. आत्या ओरडत धावली तोवर दोडक्याचा मांडव खाली आला होता. गाय हाकलून ती तिथेच चिखलात बसली, आणि इतके आठवडे अखंड बोलणारी ती बाई एक शब्द न बोलता रडायला लागली. मी खिडकीत होते. मला जावंसं वाटलं आणि जाववलं नाही. गेली ती आई. पदर खोचून, हातात चहाचा पेला घेऊन, चपला न घालता ती त्या चिखलात गेली आणि म्हणाली, ‘वन्सं, चहा घ्या. आणि उपटून टाका ते सगळं. पुन्हा घालू. ह्या खेपेला नीट.’

‘नीट म्हणजे किती दिवसांसाठी, वहिनी?’ आत्याने विचारलं.

‘मी दिवस मोजत नाहीये,’ आई म्हणाली. मोजत होती, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. पण त्या सकाळी तिने ते थांबवलं.

बाबा पाळीवरून आले तेव्हा सगळे वासे उपटून फरशीवर ठेवलेले होते. आत्याने एक कुजकं टोक त्यांच्यासमोर धरलं. ‘दादा, कारखान्यात मशीन पण असंच बसवतोस का रे?’

हे त्यांना लागलं. बाबांचं कामच ते होतं, मोठमोठ्या यंत्रांखालचे पाये घालायचे. केसाएवढा फरक राहिला तर यंत्र थरथरतं, असं ते आम्हाला जेवताना सांगायचे. ते हातपाय धुवायला गेले, जेवले, आणि पुढच्या सुट्टीला सायकल काढून जुन्या शहरातल्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, गेले. तिथून त्यांनी हातगाडीवर घालून सागाच्या बल्ल्या, म्हणजे लांब गोल वासे, आणल्या, कुठल्यातरी पाडलेल्या छपराच्या, वाळून खडखडीत झालेल्या. ओलं लाकूड नको, ते वाळताना आकसतं आणि जमिनीत सैल होतं. बाहेरचं पांढरं लाकूड किडीचं खाणं, ते तासून टाकायचं; आतला तपकिरी गाभाच टिकतो. हे ते बोलायला लागले तेव्हा मला जाणवलं की हे सगळं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मग पावसाने उघडीप दिली की आम्ही मागे असायचो. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या तरुणपणात मला कधी वाटलं नाही इतकं जिवंत त्या चिखलात वाटलं, आणि तरीही आतून काहीतरी सारखं टोचत होतं, कारण प्रत्येक टपालाला, प्रत्येक सायकलच्या घंटेला, ग्वाल्हेरचं बोलावणं आलं की काय म्हणून आत्याचा हात थांबायचा. आम्ही दोरी ताणून रेघ घेतली. काळी माती ओलांडून खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत खणलं, खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत जाईल इतकं. पत्र्याच्या डब्यात डांबर तापवून खांबांची बुडं त्यात उभी केली आणि मातीच्या वर हातभर येईल इथपर्यंत लेप दिला. खांब कुजतो तो खाली खोल नाही, जिथे माती आणि हवा भेटतात तिथे, असं बाबा म्हणाले. खड्ड्याच्या तळाशी खडी, म्हणजे पाणी साचून राहायला नको. वरची टोकं तिरकी कापली, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. आणि काळी माती परत आत घालायची नाही, ती पुन्हा फुगणार. मुरूम आणि दगडाची कच घालायची, थोडी थोडी, आणि प्रत्येक थर धुमसाने चोपायचा. धुमस म्हणजे दांडा लावलेला जड ठोकळा. आत्या तो उचलून आपटायची आणि धप्प असा आवाज पोटात जायचा. श्रीवास्तव चाची भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, ‘अरी कुसुम, ये तो किला बन रहा है!’ आत्या धापा टाकत हसली आणि आपटत राहिली.

कोपऱ्याचा खांब सगळ्यांत जाड होता, आणि डब्यात उरलेलं डांबर त्याला पार छातीपर्यंत फासलं होतं. तारेचा सगळा ताण त्याच्यावर येणार, म्हणून त्याचा खड्डा सर्वांत खोल, आणि त्याला आतून तिरका टेकू. तो उभा करत होतो त्या सकाळी आत्याचे थोरले दीर आले. भाऊसाहेब म्हणायचे त्यांना सगळे. ग्वाल्हेरच्या रात्रीच्या गाडीने आले होते, तरी धोतराची घडी मोडलेली नव्हती. वर क्रीम रंगाचा कोट. आईने त्यांना पुढच्या खोलीत बसायला सांगून पाणी दिलं, पण ते बसले नाहीत, आवाजाच्या दिशेने सरळ मागे फरशीवर आले. बाबा खांब मिठीत धरून उभे होते, आत्या कमरेइतक्या खड्ड्यात उतरून खांबाच्या बुडाशी खडी पसरत होती, मी दोरीला वजन बांधलेला ओळंबा लावून खांब सरळ आहे का ते बघत होते.

‘माधवराव,’ भाऊसाहेब बाबांना म्हणाले, ‘बरेच दिवस झाले. आता पुरे. तिला सांगा सामान भरायला, दुपारची गाडी आहे.’

आत्या त्यांच्यापासून चार पावलांवर होती. तिच्या डोक्यावरून ते बोलले. तिचे हात खडीत तसेच थांबले.

माझे बाबा भित्रे होते असं मी म्हणणार नाही, पण वडीलधाऱ्या माणसापुढे, विशेषतः बहिणीच्या सासरच्या माणसापुढे, त्यांची मान आपोआप खाली जायची. ती तशीच खाली गेली. ते आत्याकडे वळले. ‘कुसुम,’ ते म्हणाले, ‘भाऊसाहेब म्हणताहेत की...’

आणि थांबले. आत्याने वर बघितलं होतं. तो चेहरा मी इथे वर्णन करू शकत नाही. एवढंच सांगते की त्यात राग नव्हता. सासरी मोलकरणीचा निरोप पूर्ण व्हायची वाट बघायची, तशी ती वाट बघत होती. बाबांनी तोंड मिटलं. मग त्यांनी मान वर केली.

‘ती इथेच उभी आहे, भाऊसाहेब,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच सांगा तिला.’

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. ‘माधवराव, हा काय पोरखेळ...’

‘सांगा ना. तिला ऐकू येतं.’ हे बोलताना बाबा भाऊसाहेबांकडे वळले, आणि त्या वळण्यात मिठी सुटली. खांब कलला. आधी हळू, मग एकदम, आणि खड्ड्यात आत्या. मी किंचाळले. तो ज्या बाजूला पडत होता तिथे भाऊसाहेबच होते. त्यांनी झेप घेतली आणि तो डांबर लावलेला खांब छातीशी धरला, अगदी कोटासकट. टेकू बाजूला घरंगळला होता, बाबा तो उचलायला धावले.

‘सोडू नका, भाऊसाहेब!’ आत्या खालून ओरडली.

‘सोडत नाही, पण तू आधी बाहेर ये!’ भाऊसाहेब ओरडले.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. आम्हा सगळ्यांनाच कळलं. आई मागच्या दारात पोह्यांची बशी घेऊन उभी होती, तिलाही. कितीतरी वर्षांत त्या घरातल्या कुणी तिला ‘तू’ म्हटलं नव्हतं. आत्या बाहेर आली नाही. ती खड्ड्यातून त्यांच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘सरळ धरा. ह्या बाजूला थोडा. अजून थोडा. पोरी, ओळंबा बघ.’ मी बघितला, सरळ होता. ‘आता हलू नका,’ ती म्हणाली, आणि मग ती बाहेर निघाली आणि मुरूम लोटायला लागली.

सगळे थर होईपर्यंत भाऊसाहेब खांब धरून उभे होते. दुसरा इलाजच नव्हता. सोडला असता तर केलेलं सगळं वाया गेलं असतं, आणि तेवढं त्यांनाही समजत होतं. आत्या धुमस आपटत होती आणि मध्ये मध्ये, दम मिळेल तसं, बोलत होती. ती येणार नाही म्हणाली. तिला कुणावर राग काढायचा नाही. पण ज्या घरात आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो तिथे ती परत जेवायला बसणार नाही. भाऊसाहेब तोंड फिरवून नाल्याकडे बघत होते. मध्येच ते म्हणाले, ‘लोक काय म्हणतील, ह्याचा विचार केला आहेस?’ आत्या थांबली. ‘केला,’ ती म्हणाली. ‘म्हणू देत. निदान काहीतरी म्हणतील.’

आईने घासलेट आणून त्यांच्या हातांचं डांबर काढून दिलं. कोटाचं निघालं नाही. जेवायला वाढलं तेव्हा आत्यानेच वाढलं, पिठलं, भाकरी आणि कैरीचं लोणचं, आणि भाऊसाहेब खाली मान घालून जेवले. उठताना त्यांनी नेहमीच्या सवयीने बाबांकडे बघून ‘तिला सांगा,’ असं म्हटलं, थांबले, आणि वाक्य तिथेच टाकून चपला घालून निघाले. ते बदलले नव्हते, आणि बदलले असं मी उगाच लिहिणार नाही. त्यानंतर ग्वाल्हेरहून तिची ट्रंक आली, सोबत कुणी आलं नाही.

ते गेल्यावर घर हलकं होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. आत्या हात धुऊन आली आणि खोलीत उभीच राहिली. मग भिंतीपर्यंत गेली, परत आली. जिंकलेल्या माणसासारखी ती अजिबात दिसत नव्हती. रेल्वे स्टेशनवर गाडी चुकलेल्या माणसासारखी दिसत होती. ‘आता काय करू मी, दादा?’ तिने विचारलं. बाबा म्हणाले, ‘राहा इथे, आणखी काय?’ ती मानेने नाही म्हणाली. ‘राहते. पण करू काय? किती दिवस वांगीच लावू?’ लग्न झालं तेव्हा ती शाळेत होती आणि शाळा तिथेच सुटली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर कधी दोन वाक्यं बोललं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. माझा निकाल तोवर लागला होता, इंदूरचं ठरलं होतं, आणि जायच्या उत्साहात मी जुन्या वस्तू काढून टाकत सुटले होते. ‘तुझी अकरावीची पुस्तकं कुठे आहेत ग?’

‘कॉटखाली. रद्दीवाल्यासाठी बांधलीत.’

ती गुडघ्यांवर बसली, हाताने चाचपून गठ्ठा बाहेर ओढला आणि दोरीची गाठ सोडायला लागली. नखांत डांबर होतं, गाठ सुटेना. आईने स्वयंपाकघरातून विळी आणून दोरी कापली. वरचंच पुस्तक भूगोलाचं निघालं, हिंदीतलं. आत्याने ते मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं, एका लांबलचक, अवघड शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हा शब्द कसा म्हणतात? बस इथे. कुठे जाऊ नकोस.’

मी बसले.